ओवाळणीतलं बी

बियाण्याच्या पिशवीवर छापलेली गाय मी आमच्या भागात कधी पाहिलेली नाही. ती काळीपांढरी, तुकतुकीत असते, पोटापर्यंत हिरव्यात उभी असते आणि तिच्या मागे निळा डोंगर असतो. वडूजच्या बाजूला डोंगर पुष्कळ आहेत, पण दिवाळी सरली की ते वाळल्या कुसळांच्या रंगाचे होतात. कार्तिकात बाजारातल्या दुकानांच्या दारात या पिशव्यांची थप्पी लागते. पहाटेचा गारठा अजून अंगात असतो, आत पेंडीचा आणि औषध चोळलेल्या बियाण्याचा उग्र वास भरलेला असतो, आणि मी त्या गाईकडे बघत मनात म्हणते, बाई, तू नक्की काय खाऊन एवढी माजलीस?

यंदाही गेले. दुकानदार मला ओळखतो. मी दिसले की त्याचा चेहरा पडतो.

"वहिनी, घासाचं बी आलंय. एक नंबर हाय."

"पिशवी फोडून दाखवा."

"आवं, सीलबंद हाय ती."

"म्हणून तर."

तो पोरगेलासा नोकर असता तर हसला असता. पण हा पन्नाशीचा मालक आहे, तो हसत नाही. सुटं बी असलेला डबा काढतो आणि माझ्यासमोर ठेवतो. मी चिमूट उचलते, तळहातावर पसरते, उन्हात जाते. लसूणघासाचं ताजं बी पिवळसर हिरवं असतं. जुनं झालं की त्याच्यावर तांबूस झाक चढते. दाणा मूत्रपिंडासारखा, मधे किंचित खोलगट, गुळगुळीत. मी तांबूस शोधते. त्याहून जास्त मी दुसरंच काही शोधत असते, आणि ते काय हे दुकानदाराला माहीत नाही.

मी जन्माची संशयी नव्हे. माझं माहेर कुंडल. तिथं नदीचं पाणी उचलून आणलेलं, जमीन काळी. आमच्या वडिलांनी, आबांनी, बांधावरून मूठ झटकली तरी उगवायचं. बियाण्यावर शंका घ्यायची असते हे मला लग्न होऊन इकडं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. इकडं आल्यावर कळलं की कोरडवाहू माणूस ढगापासून टँकरपर्यंत सगळ्यांकडं डोळे बारीक करूनच बघतो. त्याला एकदाच पेरता येतं. चुकलं तर वर्ष गेलं.

माझ्या सासूबाई, आत्या म्हणते मी त्यांना, पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, "बी आन जावई दिसण्यावर घ्यायाचा न्हाई."

माळावर गवत पेरायचं ठरलं तेव्हा मी मारवेलाचं बी आणलं. पोतं एवढं मोठं आणि हातात घेतलं तर कापसासारखं हलकं. फुंकर मारली तर अर्धं उडून गेलं, सगळा कोंडा. त्यानंतर स्टायलो आणली, ती शेंगवर्गातली, माळावर तग धरणारी. दुकानदार म्हणाला, पेरायच्या आधी गरम पाण्यात टाका. मला वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. बी शिजवून कुणी पेरतं का? मी मूठभर तशीच पेरली आणि मूठभर त्याच्या सांगण्याप्रमाणे. तशीच पेरलेली आजतागायत वर आली नाही. कठीण कवच असतं तिला, ऊब लागल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे संशय दरवेळी खरा ठरतो असं नाही. पण तो नसता तर कोंड्याचं दुसरं पोतंही मी घरी आणलं असतं.

गेल्या दिवाळीची गोष्ट सांगायची तर भाऊबीजेपासून सांगावी लागेल.

माझे यजमान फौजेत आहेत. त्या साली ते वरती उत्तरेत, बर्फाच्या बाजूला होते, सुट्टी मिळाली नव्हती. घरात आत्या, मी, एक खिलार गाय आणि दोन संकरित. पाऊस बरा झाला होता, विहिरीला पाणी टिकेल असं वाटत होतं. विहिरीखाली जमिनीचा एकच तुकडा असा आहे की जिथं उन्हाळ्यात पाणी पोचतं. त्यात घास करायचा, म्हणजे एकदा पेरला की तीन वर्षं कापायला होईल, असं आम्ही ठरवलं होतं. वैरणीसाठी दारोदार हिंडणं संपणार होतं.

भाऊबीजेला दादा मोटरसायकलवरून आला. विलासदादा माझ्याहून मोठा. आबांच्या मागे शेती त्यानंच सांभाळली. ऊस सगळेच करतात, पण त्यानं दोन वर्षांपासून घासाचं बी धरायला, म्हणजे घास न कापता बियाला राखून ते विकायला, सुरुवात केली होती. 'कुंडलचं बी' म्हणून आसपास नाव व्हायला लागलं होतं आणि त्या नावाचा त्याला अभिमान होता. बोलताना मान जराशी वर जायची. मी ओवाळलं. त्यानं गाडीला बांधलेली कापडी पिशवी सोडून आणली आणि ताटाशेजारी ठेवली.

"साडी दर साली देतोय. औंदा बी घे. घरचं हाय. दुकानात फसशील."

आत्यांनी पिशवीला हळदकुंकू लावलं. मला रडू येईल की काय असं झालं. माहेरच्या काळ्या रानातलं काहीतरी माझ्या माळाखालच्या तुकड्यात उगवणार होतं.

पेरणीच्या आदल्या सकाळी मी बी निवडायला बसले. खरं तर निवडायची गरज नव्हती. सवय. परसात ऊन तिरपं आलं होतं, परातीत बी पसरलं की वाळूसारखं सळसळत होतं. दाण्यांत बोट फिरवता फिरवता बोटाच्या टोकाला काहीतरी खरखरीत लागलं. मला माती वाटली. चिरडली तर चिरडेना. राखाडी, तपकिरी, ओबडधोबड गोल, घासाच्या दाण्याहून लहान. मग दुसरं. मग तिसरं. मी परात उन्हात ओढली आणि वाकून बघत राहिले. 

ती अमरवेल होती.

झाडावर पिवळ्या शेवयांसारखी पसरलेली अमरवेल सगळ्यांनी पाहिलेली असते. घासात येते ती तिचीच बहीण. जमिनीतून दोऱ्यासारखी वर येते, शेजारच्या घासाला विळखा घालते आणि आपलं मूळ सोडून देते. पुढं सगळं आयुष्य त्याच्या रसावर. आबा तिला 'बिनमुळाची' म्हणायचे. पिवळा दोरा दिसला की आसपासच्या घासासकट तेवढी जागा कापून, तिथंच जाळून टाकायचे. "हिचं बी मातीत पडलं की मातीला कळत न्हाई, पर ती बसती वाट बघत, वर्सानुवर्सं," असं म्हणायचे. आणि अशा घासाचं बी त्यांनी कधी धरलं नाही.

माझ्याकडं पाणी पोचणारा तुकडा एकच. त्यात एकदा ही गेली असती तर मी आयुष्यभर दोरे वेचत बसले असते.

पण मला घाबरवलं ते तुकड्यानं नाही. आबांच्या हाताखाली दादाही वाढला होता. आबा जाळायचे तेव्हा काड्यापेटी द्यायला तोच असायचा. त्याला दिसलं नसेल? की दिसलं आणि त्यानं बी धरलं? एकदा ही शंका मनात शिरली आणि तिनंही माझ्याभोवती विळखे घालायला सुरुवात केली. तो म्हणाला, 'दुकानात फसशील'. असं का म्हणाला? पिशवी देताना माझ्याकडं बघत होता की दुसरीकडं? चहा न घेता लवकर का निघाला? सख्ख्या भावाच्या साध्या वागण्याचा एकेक धागा मी उसवून बघत होते.

रात्री यजमानांचा फोन आला. मी सांगितलं. पलीकडं वाऱ्याचा घोंघाट होता.

"अगं, भाऊ हाय तो तुझा. नजरचुकीनं आलं असंल."

"असंल."

"मग निवडून पेर की."

"निवडून सगळं निघतं का?"

ते म्हणाले, "मग जाऊन ये कुंडलला. फोनवर इचारू नको."

मी एस.टी.नं गेले. मायणी मागं पडली, विटा आलं, आणि तिथून पुढं खिडकीतला रंग हळूहळू बदलत जातो. पिवळा कमी होतो, हिरवा दाटत जातो. एरवी त्या बदलानं माझा जीव हलका होतो. त्या दिवशी प्रत्येक हिरव्या रानाकडं मी, याच्या आत काय आहे, अशा नजरेनं बघत होते. मनात हेही येऊन गेलं की मला त्यांच्या पाण्याचा हेवा तर वाटत नाही ना, म्हणून तर भावात खोट दिसत नाही ना. पण बोटाला लागलेला तो खरखरीतपणा काही हेव्यातून आलेला नव्हता.

वहिनीनं मला बघून "आवं वन्सं, अशा अचानक?" म्हणत पाणी दिलं. दादा रानात होता. मी चहाही न घेता रानाकडं निघाले.

उसाच्या कडेनं घासाचा पट्टा होता. लांबून गुबगुबीत, गार. जवळ गेले तर मधे मधे काळी वर्तुळं. परातीएवढी, कुठं सुपाएवढी. जळालेली. राखेतून नवे कोंब येत होते, आणि एका वर्तुळाच्या काठाला, अगदी खाली, पिवळा दोरा सुटलेला होता. केसासारखा बारीक. मी वाकून बघत होते तेव्हा पाठीमागं दादाचा आवाज आला.

"कवा आलीस गं?"

"आत्ताच. दादा, ही जळकी कशाची?"

"ती व्हय? पाचट पेटलं व्हतं पलीकडं. ठिणग्या उडाल्या."

मी उसाकडं बघितलं. ऊस उभा होता, तुरे नुकते फुटत होते. आसपास कुणाचंच रान मोकळं नव्हतं.

"अजून ऊसतोड सुरू न्हाई, रानात वाळला पाला न्हाई. पाचट कुणाचं पेटलं?"

दादानं खाली वाकून पायातली चप्पल उगाच झटकली. मला वाटलं, आता तो सांगेल. मी वाट बघितली. पण तो म्हणाला, "ऊन झालं, चल घरला. जेवून जा."

घराच्या अंगणात तोंड शिवलेली पोती उभी होती. येताना माझ्या ध्यानात आली नव्हती. वहिनीला विचारलं तर ती चुलीकडं बघत म्हणाली, "जतची मानसं यायच्यात आज बी न्यायला. त्यांच्याकडं कालव्याचं पाणी आलंय म्हनं. समद्या गाववाल्यांनी मिळून घास करायचा ठरवलाय." मग आवाज खाली करून, "तुमी काय बोलू नका वन्सं. ह्यांचा सोभाव तुमाला म्हाईत हाय."

पानं वाढलेली असतानाच टेम्पो आला. त्यातून एक उंच, सडपातळ माणूस उतरला. डोक्याला पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी. मल्लाप्पा त्यांचं नाव. पूर्वी मेंढरं राखायचे, आता गाई केल्या होत्या. गेल्या साली त्यांनी दादाकडून थोडं बी नेऊन एका वाफ्यात करून बघितलं होतं.

ते पोत्यांकडं गेले नाहीत. ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि खिशातून कागदाची पुडी काढून दादासमोर उलगडली. आत घासाची वाळलेली काडी होती आणि तिला गुंडाळलेला पिवळा दोरा.

"पाटील, घास चांगला आला. पर ह्ये बी आलं. ह्ये तुमच्यातलं हाय, का आमच्यातलं?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते. पण त्यांचे डोळे दादावरून हलत नव्हते, आणि मी ती नजर ओळखली. कोरड्या मुलखातली नजर होती ती.

"तुमच्या बांधावर असंल," दादा म्हणाला. "जनावरांच्या शेणातनं येतंय. बाभळीवर असतंय न्हवं, तसलं."

"आमच्याकडं घास कंदीच नव्हता. बाभळीवरचं येगळं." मग ते माझ्याकडं वळले. "ह्या कोन?"

"बहीण माझी. खटावात, वडूजकडं दिलीया."

"अक्का, तुमच्यात पानी कमीच असंल. तुमी नेलं असंल की ह्यातलं बी. पेरलं का?"

वहिनीची भाकरी तव्यावर तशीच राहिली. दादा माझ्याकडं बघत नव्हता. कागदावरच्या काडीकडं बघत होता. अंगणात ऊन पांढरंफटक पडलं होतं आणि दूर कुठंतरी पंप सुरू असल्याची घरघर येत होती. मला 'होय' म्हणता आलं असतं. 'अजून नाही' असंही म्हणता आलं असतं, ते खोटंही नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले. "पेरणार बी न्हाई. त्यात अमरवेल हाय. मी परातीत बघितली."

मल्लाप्पांनी मान हलवली. पुडी पुन्हा नीट घडी करून खिशात ठेवली. जाताना माझा नंबर मागितला, चांगलं बी कुठं मिळालं तर कळवा म्हणून. टेम्पो रिकामा परत गेला. त्याचा आवाज वळणावर विरून गेला.

मग दादा म्हणाला, "शोभे, मी वर्तुळं जाळली व्हती. मला वाटलं संपलं."

"मग पाचटाचं का सांगितलंस?"

तो उठला आणि रानात निघून गेला. मी जेवले नाही. वहिनीनं भाकरी फडक्यात बांधून दिली, ती विट्याच्या स्टँडवर मी खाल्ली. 

मग दादाचे-माझे फोन बंद. संक्रांतीला तिळगूळ आला नाही, मीही पाठवला नाही. आत्या रोज विचारायच्या नाहीत, पण माझा फोन वाजला की कान टवकारायच्या. घरी आणलेलं ते बी मी चुलीत टाकलं. दाणे तडतडत राहिले बराच वेळ. विहिरीखालच्या तुकड्यात त्या हंगामात मी घास केलाच नाही, कडवळ टाकलं, वैरणीपुरती ज्वारी. मधे एकदा वहिनीचा फोन आला. हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी समदी पोती जाळली. पट्टा नांगरून टाकला." मी 'बरं' म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, खरंच जाळली असतील का? की मला बरं वाटावं म्हणून ही सांगते? माणसावरचा विश्वास एकदा निसटला की चांगली बातमीसुद्धा आपण उन्हात धरून बघतो.

उन्हाळा तापला होता तेव्हा मल्लाप्पांचा फोन आला. मला वाटलं, बी विचारायला.

"अक्का, तुमचा भाऊ येऊन गेला की."

"कुठं?"

"आमच्यात. इळा घेऊन आला व्हता. मुक्काम केला, मागल्या छपरात झोपला. वाफ्यातला येक येक दोरा काढला, जाळला. लय चिवट मानूस. आमी म्हनलं, पाटील, ऱ्हाऊ द्या, आमी करतो. तर काय बोलायचाच न्हाई. जेवायला वाढलं की खायाचा, परत वाफ्यात." मग म्हणाले, "तुमी पाठवला व्हता?"

"न्हाई वो."

"मग बरोबर," ते म्हणाले, आणि कशाला बरोबर म्हणाले ते न सांगता फोन ठेवला.

मी ओसरीवर बसून राहिले. डोळे भरून आले, हे खरं. पण खोटं कशाला सांगू, त्या भरल्या डोळ्यांच्या मागंही ते दुसरं मन जागंच होतं. मनापासून गेला असेल, की जतवाले तक्रार करतील म्हणून? मी यजमानांना फोनवर तेच विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बास की गं आता."

यंदा वडूजच्या दुकानातून मी बी आणलं नाही. सगळं उन्हात धरून बघितलं, खोट सापडली नाही, तरी मन धजेना. परवा सरकारी कृषी विज्ञान केंद्रातून आणलं, तेही परातीत घातलं, निवडलं, आणि विहिरीखालच्या तुकड्यात वाफे पाडायला घेतले. भाऊबीज होऊन गेली होती. दादा आला नव्हता.

काल दुपारी तो आला. गाडी रस्त्यावरच लावली आणि घरात न जाता सरळ वाफ्याकडं उतरला. वाळला होता. हात काळे पडले होते, नखांच्या कडा फाटलेल्या. माझ्या हातातलं खोरं घेतलं आणि बांध घालायला लागला.  माती ओली होती, खोरं रुतताना चपचप आवाज यायचा. वरच्या माळावर आत्या गाई वळत होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं आणि मुद्दाम पाठ फिरवली.

"जतला गेलतास म्हनं," मी म्हणाले.

"व्हय."

कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं नाही. वाफ्याचा कोपरा हातानं दाबून नीट केला.

"सगळं निघालं का?"

तो उभा राहिला. कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"न्हाई," म्हणाला. "न्हाई निघत ते एवढ्यात. माघात परत जायाचं हाय. पुढल्या साली बी जावं लागंल."

'सगळं निघालं' म्हणाला असता तर माझा विश्वास बसला नसता. मी कमरेची बियाण्याची ओटी सोडली आणि त्याच्या ओंजळीत ओतली. त्यानं दाण्यांकडं निरखून बघितलं, एक चिमूट उन्हात धरली, पुन्हा बघितलं. मग तो वाफ्यात उतरला आणि पेरायला लागला.